वाढत्या अंगाचे फ्रॉक

औसा-लातूर बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईंनी मांडीवरच्या नव्या फ्रॉकांच्या घड्या तिसऱ्यांदा मोडून पुन्हा घातल्या. खिडकीशी बसलेल्या त्यांच्या आठेक वर्षांच्या मुलीला ते फारच मोठे होते. अनोळखी माणसांशी बोलणे मला जमत नाही, तरी संकोचत विचारले, "थोरलीसाठी का?"

"न्हाई, हिलाच." त्यांनी आवाज उतरवला. "पोटची न्हाई ही. सरकारनं सहा महिने सांभाळायला दिली व्हती. सहा वर्सं झाली. मुदत सरायची, पुन्ना वाढायची. आज नेतील, उद्या नेतील म्हून कवाच वाढत्या अंगाचं शिवलं न्हाई."

"मग आता?"

"आज लातूरला हिच्या सख्ख्या मामाच्या हवाली करायलेत. तितं कोण शिवंल? म्हून बारा वर्सापत्तुरचं शिवून घेतलं."

सहा वर्षांच्या मायेला मुदत असते, हे मला ठाऊकच नव्हते. तेवढ्यात मुलीने सर्वांत लांब फ्रॉक ओढून अंगाला लावला आणि खदखदून हसली.

"माय, ह्यो तर पायाखाली यायलाय! घरी गेल्यावर खालून दुमडून दे मला."

"हाव," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा घडी घालायला घेतली.