गोविंदरावांचा मिसरी झगा

चिकूची वाडी तीन पिढ्यांची आणि इजिप्तची सहल आठवड्याची; पण २०१८ सालापासून डहाणूजवळच्या सरावलीचे गोविंदराव राऊत बोलत ते सहलीबद्दलच. कैरोच्या गाइडने त्यांना मोठंच समाधान दिलं होतं: हसायला गावंढळ माणसं तिथेही असतात. देशाच्या दक्षिणेकडचे हे सईदी. हट्टी, लाठी खेळणारे, बापाचं वैर नातवापर्यंत चालवणारे. कैरोत येऊन दरवानी करतात, विटा वाहतात, आणि शहराला विनोद पुरवतात. गोविंदरावांना अगदी घरच्यासारखं वाटलं.

"शेट, सईदी म्हंजे कोन?" वाडीत राबणाऱ्या शुक्राने एकदा विचारलं.

"तुझेच भाऊबंद रे. जंगलपट्टीतले, पण तिकडचे."

लेकीला, रियाला, बघायला पार्ल्याचे चुरी यायचे होते. व्याही पार्ल्याचा मिळाला की 'डहाणूकडचे' हे शेपूट गळून पडेल, एवढीच गोविंदरावांची आस. त्यासाठी त्यांनी लक्सरहून आणलेला पायघोळ, रुंद बाह्यांचा झगा चढवला. राजे हेच घालत, असं दुकानदार म्हणाला होता.

"बाबा, आज तरी शर्ट घाला," रिया म्हणाली.

"गप गं. चुरी बोटीवर होते. जग बघितलेला माणूस."

जग बघितलं होतं, हीच पंचाईत झाली.

पोह्यांबरोबर गोविंदरावांनी विनोद वाढला. सईदी दरवानाला मालक विचारतो, चोर आला तेव्हा ओरडला का नाहीस? तो म्हणतो, साहेब, तुमची झोपमोड झाली असती! हाच विनोद ते वर्षानुवर्षं वाडीच्या राखणदारावर सांगत. आता तो परदेशी झाला होता, इतकंच.

चुरी पोट धरून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आमची बोट अलेक्झांड्रियाला अडकली होती ना, तेव्हा गोदामाचा दरवान अस्साच झगा घालायचा. सईदीच होता. गावचा पोशाख म्हणून केवढा अभिमान त्याला! शहरातले मात्र झग्यालाच हसायचे."

"पण शोभतो हो," चुरीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे डहाणूकडच्यांवर विनोद करतात ना, त्यातलेच वाटता."

रियाने बापाकडे पाहिलं. एक वाकडा शब्द, की स्थळ गेलं. गोविंदराव हसले. इतके मोठ्याने, की शुक्रा टोपली टाकून खिडकीशी आला.

लग्न झालं. पार्ल्याच्या हॉलमध्ये चुरी एकेका पाहुण्याला हाक मारून ओळख करून देत होते, "हे आमचे सईदी!" आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी गोविंदरावच हसत. विनोद आपणच सांगितलाय, असं लोकांना वाटावं म्हणून.