एका काचेवर दोन फोटो

लढाईच्या वर्षांत साताऱ्यातल्या आमच्या फोटो स्टुडिओत येणारं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक शिपाईच. आमचे हे फोटो काढायचे आणि मी अंधारखोलीत काचा धुऊन त्यांवर पेन्सिलीनं रिटचिंग करायची. देवीचे वण, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरची आठी, सगळं मी घालवत असे. फिल्म आमच्याकडं नव्हतीच, काचेच्या प्लेटा होत्या, आणि लढाईमुळं त्याही मुंबईहून मोजक्याच यायच्या. एक काच वाया गेली की घरात दोन दिवस अबोला.

त्यात घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसे ह्यांचे स्नेही मास्तर. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे आणि डोक्यात सदा आकाश. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाची दुर्बीण त्यांनी मिळवली होती. आधी मला वाटे, दुर्बिणीला डोळा लावला की संपलं. मास्तर म्हणाले, "वहिनी, डोळ्याला उजेड साठवता येत नाही. काचेला येतो. तासभर उघडी ठेवा, डोळ्याला जन्मात दिसणार नाहीत असे तारे उमटतात." आणि त्यासाठी त्यांना आमच्याच कॅमेऱ्याचं पितळी भिंग हवं होतं. माणसांचे चेहरे झटकन टिपता यावेत म्हणून ते भिंग मोठ्या तोंडाचं, भरपूर उजेड घेणारं होतं, आणि ताऱ्यांनाही नेमकं तसलंच लागतं म्हणे. झालं! आमच्या पोटापाण्याचं भिंग अमावास्येच्या सुमारास डोंगरावर जायला लागलं.

तिथलं तंत्र सगळं उलटं. स्टुडिओत गिऱ्हाइकाला दटावायचं, "हलू नका". तिथं गिऱ्हाईकच सारखं चालतंय, पूर्वेकडून पश्चिमेकडं, आणि फोटो काढणाऱ्यानं त्याच्या मागं मागं हलायचं. भिंगासकट आमचा कॅमेराच दुर्बिणीच्या पाठीवर बांधायचा. दुर्बिणीत एक ठळक तारा धरायचा आणि तो मुद्दाम जरा धूसर करायचा, म्हणजे त्याच्या उजेडावर दोन आडवे-उभे धागे काळे दिसतात. ते धागे कोळ्याच्या जाळ्याचे. आमच्याच माडीवरून मास्तरांनी ते काडीवर गुंडाळून नेले होते आणि मला वर म्हणाले होते, "बरं झालं, तुम्ही झाडलोट फार करत नाही." तारा धाग्यांच्या फुलीवरून सरकला की एक स्क्रू केसभर फिरवून त्याला परत फुलीवर आणायचा. असं तास, दीड तास. ह्यांचा हात तंबाखूनं कापायचा, मास्तरांना मधेच शिंक यायची. रिटचिंग करून माझा हात स्थिर, म्हणून हे काम शेवटी माझ्या गळ्यात पडलं. आळीतल्या बाया काय बोलायच्या ते सोडा. त्या दिवसांत डोंगरावर रात्री दिवा दिसला तर पोलीसही चौकशीला यायचे, त्यामुळं कंदील घोंगडीखाली.

मला ते आवडायचं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तोंडानं मात्र रोज शिव्या.

असंच एकदा पौषात, अमावास्येच्या दिवशी दुपारी, एक शिपाई आणि त्याची आई स्टुडिओत आली. वडूजच्या पलीकडची, मेंढरं राखणारी माणसं. अलीकडं थोडी कोरडवाहू जमीन कसायला लागलेली. पोरगा विशीचा असेल. संध्याकाळच्या गाडीनं पलटणीत निघाला होता आणि तिथून कुठं नेतील ते त्यालाही माहीत नव्हतं. आई मला म्हणाली, "बाई, ह्याच्या बाचा एक फोटू न्हाई. मेला तसं त्याचं त्वांड माज्या डोळ्याम्होरनं जाया लागलंय. आता आठवाया गेलं तर निस्तं डोईचं पटकं दिसतंय. ह्याचं तसं व्हाया नगं." हे तिनं रडत वगैरे सांगितलं नाही. बाजारात माप नीट घाला म्हणून सांगावं तसं सांगितलं.

पोराला खुर्चीवर बसवलं. ह्यांनी भिंगाचं झाकण काढलं, "एक, दोन" म्हटलं, झाकण लावलं. झालं काम. आठ दिवसांनी या, असं म्हातारीला सांगितलं आणि दोघं स्टेशनच्या मोटारीकडं गेली.

आमच्या काचा लाकडी चपट्या पेटीत असायच्या, एका पेटीत दोन, पाठीला पाठ लावून. जी बाजू वापरून झाली तिच्यावर हे खडूनं फुली मारायचे. त्या दिवशी शिपायाची बाजू वापरलेली, दुसरी कोरी. अंधारखोलीत जाऊन काच काढायची, नवी भरायची, एवढा वेळ कुणाला? मास्तर दारात येऊन उभे. दुसरी बाजू कोरी आहेच, असं म्हणून ह्यांनी तीच पेटी पिशवीत टाकली.

डोंगरावर त्या रात्री दव असं, की अंगावरची शाल ओली झाली. दव भिंगावर बसलं की सगळी मेहनत पाण्यात, म्हणून आम्हा तिघांनाही एक सवयच जडली होती. हाताला काही लागलं की पुसायचं. भिंग पुसायचं, दुर्बीण पुसायची, मास्तर स्वतःचा चष्मा मिनिटाला पुसायचे. पिशवीतून पेटी मी काढली. हाताला गार, ओली लागली. मी ती पदरानं दोन्ही बाजूंनी लखलखीत पुसली आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी घोंगडीखाली कंदिलापाशी नेऊन बघितलं, फुली नाही म्हणजे कोरी, आणि तीच बाजू लावली. उलटून बघायचं ह्यांना सुचलं नाही.

मग मी दीड तास स्क्रू फिरवला. मृग नक्षत्र होतं. मान मोडली, पायाला मुंग्या आल्या, पण तारा फुलीवरून हलू दिला नाही. मास्तर म्हणाले, "वहिनी, शाबास." माझ्या माहेरच्यांनीसुद्धा मला कधी शाबास म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याच्या उजेडात मी ती काच धुवायला घेतली. आधी ठिपके उमटले, बारीक बारीक, ढिगानं. मी खूश. मग ठिपक्यांच्या मागून दोन खांदे वर यायला लागले. मग मान. मग ते पोरगं.

माझ्या तोंडून "अगं आई गं" एवढंच आलं. काय झालं ते मला तिथंच, त्या क्षणी कळलं. पदराला खडूची पांढरी भुकटी लागलेली सकाळी मीच झटकली होती. तरी बाहेर येऊन मी ह्यांच्यावरच तोंडाचा पट्टा सोडला. पुढं कित्येक वर्षं ती चूक मी ह्यांच्याच नावावर ठेवली आणि ह्यांनी ती निमूटपणे ठेवू दिली. पुसली मी होती. हे आज लिहून टाकते.

काच वाळली तशी मास्तर भिंग घेऊन तिच्यावर वाकले. नक्षत्र उत्तम आलं होतं. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तो धुरकट ढगसुद्धा. "वहिनी, हा बारका तारा बघा, बटणाशेजारी, हा नुसत्या डोळ्याला दिसतच नाही!" मी म्हटलं, "मास्तर, ते पोरगं लढाईवर गेलंय. त्याच्या आईला बटणं दाखवू का?" मास्तरांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता, पण वेड ते वेड.

मास्तरांनी एकच विनवणी केली, काच खरवडू नका. मी ती मानली, कारण काचेवर चाकू चालवताना पोराचा गालच खरवडला गेला असता. मी कागदावर फोटो छापला आणि त्यावरचे पांढरे ठिपके शाईनं, एका केसाच्या कुंचल्यानं भरायला बसले. पोराच्या मागच्या काळ्या पडद्यावरचे, कोटावरचे सोपे होते. मूळचा काळोख, काळं काळ्यात मिसळतं. चेहरा उजळ आल्यामुळं तिथं बारीक तारे बुडूनच गेले होते, पण ठळक तीन राहिले. त्यातला एक डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात. तो घालवायला गेले की नजर बदलायची, आणि बदललेली नजर घेऊन ती बाई काय करणार? चार कागद फाडले. पाचव्यात जमलं. डोळे सुजले होते माझे, आणि ते नुसत्या कामानं नव्हते.

आठव्या दिवशी म्हातारी आली. हे आधीच मला बजावून होते, "काही बोलू नकोस. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला, कपाळावरून बोट फिरवत हनुवटीपर्यंत आली आणि म्हणाली, "व्हय. ह्योच." एवढंच. मग मला म्हणाली, "बाई, लय ब्येस."

खरं म्हणजे तिथं संपलं होतं. पण मला राहवेना. ती मला दुवा देत होती आणि मला भयंकर लाज वाटत होती. मी आतून ठिपके न भरलेला फोटो आणला, तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. पुसलं कुणी, तेवढं सोडून. हे हिशोबाच्या वहीत तोंड खुपसून बसले.

तिनं तो फोटो बघितला. मला वाटलं, आता बोल लावणार. पोराच्या तोंडावर पांढरं काय टाकलं म्हणणार. तिनं पोराच्या छातीवरच्या तीन ताऱ्यांवर बोट ठेवलं. "ह्ये तिकांडं न्हवं? मेंढरांमागं जलम गेला माजा, वळखत न्हाई व्हय." मग फोटो माझ्याकडं सरकवला. "ह्यो ऱ्हाऊ द्या तुमाला. ह्ये काय, रोज रातच्याला दिसतंयाच. मला पोरगं बघाया पायजे."

चांगला फोटो तिनं धडप्यात गुंडाळला, गाठ मारली. उठली. दारापर्यंत जाऊन परत वळली.

"पर त्या चांदन्यांचा फोटू काढाया किती येळ लागला म्हनला तुमी?"

"दीड तास, मावशी."

"आन माज्या ल्येकाचा?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे वहीतून मान वर काढेनात. मीच सांगितलं, "एक, दोन म्हणेपर्यंत."

तिनं धडप्याची गाठ पुन्हा चाचपली.

"आवं, मग त्यालाच बशिवायचा की वो दीड तास," ती म्हणाली. "गाडी तरी चुकली असती."