आवाज गेलाय, माणूस नाय

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जीप जिथे थांबते तिथून पाऊण तास चढलं की एक वाडी लागते. बावीस उंबरे, त्यातल्या निम्म्यांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. दर्शना या वाडीची आशाताई. गोळ्या वाटायच्या, पोरांची वजनं घ्यायची, बाळंतपणाला आलेल्या बाईला झोळीतून खाली नेताना सोबत चालायचं. दहावीला इंग्रजीत ती दोनदा नापास झाली आणि तिसऱ्या खेपेला सुटली. तरी वाडीत इंग्रजी कागद आला की तो तिच्याकडेच यायचा. दुसरं होतं कोण?

गेल्या वर्षी दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. दुपारचे तीन वाजत आले होते. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून ती वजनांचं रजिस्टर भरत होती, तेवढ्यात वरच्या रानातून एक माणूस धडपडत उतरला. पन्नाशी उलटलेला, सदरा फाटलेला, एका पायात बूट नाही. दर्शनाला बघून त्याने हात जोडले.

“आय लॉस्ट माय सन,” तो म्हणाला.

त्याचं नाव सेल्वराज. राहणार कोइमतूरकडचा, शाळेत शिक्षक. मुलाला घेऊन महाबळेश्वरहून जुन्या घाटवाटेने पायी उतरत होता. हिंदी दोन शब्दांपलीकडे येत नव्हती. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच, की हा माणूस मुलाबद्दल काहीतरी भयंकर सांगतोय.

वाडीतले चार-पाच जण जमले. त्यात सोनबा होता, साठीचा, आयुष्य त्याच रानात म्हशी राखण्यात गेलेलं. त्याने विचारलं, “काय म्हणतो गो?”

“मुलगा हरवलाय म्हणतो,” दर्शना म्हणाली, आणि तिची तिलाच खात्री वाटेना. सासरे वारले तेव्हा नवऱ्याच्या मोबाईलवर त्याच्या हॉटेलच्या मॅनेजरचा मेसेज आला होता, त्यातही हाच ‘लॉस्ट’ शब्द होता. तिने तेव्हा तोट्याचं काहीतरी असेल असं समजून तो सोडून दिला होता. महिन्याने नवऱ्याने अर्थ सांगितला, वडील गेले असा.

तिने सेल्वराजला विचारलं, “सन डेड?”

त्याने मान डुलवली. ती हो होती की नाही, कोणालाच उमगलं नाही. मग बोटं दाखवत म्हणाला, “आय लॉस्ट वन सन. फीवर. सिक्स इयर्स. नाऊ धिस सन. आय कॅनॉट लूज.”

“मेलाच म्हणायचा,” मागून कोणीतरी म्हणालं. “तापाने गेला म्हणतो.”

सोनबा ओट्यावर टेकला. बारा वर्षांपूर्वी याच दरीत एक प्रेत सापडलं होतं. वाडीने ते माणुसकीने वर आणलं आणि महिनाभर पोलीस ठाण्याच्या चकरा मारल्या. तेव्हापासून ठरलेलं होतं, मेलेल्याला हात लावायचा नाही, पोलीस पाटलाला कळवायचं. पोलीस पाटील त्या दिवशी लेकीकडे सव गावाला गेलेला, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

“दर्शना, मेला का हरवला, तेवढं एक नीट इचार,” सोनबा म्हणाला. “जित्ता असंल तर आत्ताच निघाया होवं. दरीत ऊन चारलाच संपतं.”

तिने दोन खडे उचलून जमिनीवर ठेवले. एकावर बोट ठेवून म्हणाली, “फीवर सन?” सेल्वराजने तो खडा उचलून हळूच बाजूला ठेवला. मग तिने दुसऱ्यावर बोट ठेवलं. त्याने तो पायरीवरून खाली ढकलला, आणि कानाला हात लावून म्हणाला, “ही शाउटेड. अप्पा, अप्पा. आय हर्ड. देन आय लॉस्ट हिज व्हॉइस.”

दर्शना उठून सोनबाकडे वळली.

“दोन मुलगे हायेत, नाना. एक तापाने गेला, सहा वर्षं झाली. हा दुसरा दरीत पडलाय, आणि पडल्यावर हाका मारत होता. याला आवाज येईनासा झाला. आवाज गेलाय, माणूस नाय.”

“चुकलं तर?”

“चुकलं तर ठाण्यात मी उभी राहीन.”

सोनबाने कोयता घेतला. दोघा जणांनी बांबू, घोंगडी आणि गुरांची दावी घेतली. खाली जीपवाल्याकडे निरोप गेला, एकशे आठला फोन कर म्हणून.

रानात शिरल्यावर सेल्वराज दोनदा थांबला. “आय लॉस्ट द वे,” म्हणाला, आणि हे मात्र कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्याला जागाच आठवेना. सोनबा पुढे झाला. मोडलेली कारवी, घसरलेली माती बघत तो दरीच्या कडेने चालला. हाका मारल्या, उत्तर नाही. ऊन समोरच्या डोंगराच्या माथ्यावर जाऊन टेकलं.

खाली एका झुडपात बूट दिसला. “माय सन्स शू,” सेल्वराज म्हणाला. दर्शनाला वाटलं, आपण दोन खड्यांवर पाच माणसं दरीत आणली.

“गप ऱ्हावा समदे,” सोनबा म्हणाला.

सगळे श्वास धरून उभे राहिले. पाखरंही गप्प झाली होती. मग खालून टण्ण आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा एक.

मुलगा वीस-एकवीसचा होता, अरुण. खालच्या कपारीत अडकलेला, पाणी पिण्याची स्टीलची बाटली दगडावर आपटत होता. ओरडून ओरडून घसा बसलेला. घोट्याजवळून पाय मोडला होता, रक्त बरंच गेलं होतं. सोनबा दाव्याला धरून उतरला, त्याच्यामागे दर्शना. तिने ओढणी फाडून जखम आवळली, कोयत्याने फांद्या तोडवून पायाला आधार बांधला.

“आय लॉस्ट माय ग्लासेस,” पोरगा पुटपुटला. चष्मा घरंगळला, तो उचलायला वाकला आणि तोल गेला, हे तिला खुणांवरून समजलं. बापाने वरून वाकून त्याचा बसका आवाज ऐकला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

झोळी रस्त्याला लागली तेव्हा दिवेलागण झाली होती. महाडच्या दवाखान्यात दर्शना सोबत गेली, कारण सेल्वराज तिचा हात सोडत नव्हता. तपासून डॉक्टर बाहेर आल्या. “ही मे लूज द फूट,” त्या म्हणाल्या.

सेल्वराजने विचारलं, “ओन्ली फूट?”

“ओन्ली फूट.”

“ओके,” तो म्हणाला. “ओके, डॉक्टर.” आणि बाकावर बसून पहिल्यांदा रडला.

पाऊल शेवटी राहिलं. दोन बोटं मात्र काढावी लागली. पोलिसांचा जबाब काही चुकला नाही. दर्शना आणि सोनबा तिसऱ्या दिवशी पोलादपूरला ठाण्यात गेले. हवालदाराने विचारलं, “तो आल्यावर नक्की काय म्हणाला?”

‘लॉस्ट’ सांगितलं तर इथेही तोच घोळ होईल, हे दर्शनाने ओळखलं. मग म्हणाली, “मुलगा सापडत नाय, असं म्हणाला.”

“असंच?”

“असंच लिहा.”

हवालदाराने लिहून घेतलं. तिने सही केली, सोनबाने अंगठा उठवला. बाहेर येऊन दोघांनी चहा घेतला. सोनबा कुरकुरला की जीपमध्ये अर्धा दिवस गेला आणि म्हशी तशाच बांधलेल्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाने राहिलेल्या सात पोरांची वजनं घेतली. त्यातली दोन कमी भरली. त्यांच्या आयांना तिने खाण्यापिण्याचं विचारायला ओट्यावर बसवून घेतलं.