पात्यावरचा दुसरा हात

आमची आत्या जहाजांच्या पंख्यांना लेप लावते. ऐकायला अत्तर लावल्यासारखं वाटतं, पण संध्याकाळी तिच्याने घरचा जिना चढवत नाही. मी त्याच शेडमध्ये नट-बोल्ट आवळते, म्हणून सांगते.

पंखा पाण्यात गरगरला की पात्यापाशी बुडबुडे उठतात आणि तिथेच फुटतात. बुडबुडा तो केवढा! पण लाखांनी फुटायला लागले की पात्याचे टवके उडतात. धातूचं पातं बराच काळ दाद देत नाही. आमची पाती फायबरची, वजनाला हलकी; त्यांचे थरच्या थर सुटतात. म्हणून वरून रबरासारखा लेप. तो दबतो, मार खातो, पुन्हा जागेवर येतो. फक्त पहिला हात चिकट आहे तोवर दुसरा द्यावा लागतो. उशीर झाला तर दुसरा नुसताच वर बसतो. दिसतो झकास, आणि पाण्यात सालीसारखा निघून येतो.

परवा पहिला हात संपतोय तोच शेजारणीचा फोन आला. आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, घरातून निघून गेले होते. हल्ली ते आत्यालाही ओळखत नाहीत. त्यांनी एकदा तरी आपल्याला नावाने हाक मारावी, एवढीच तिची आस. तिने ब्रश टाकला आणि धावली. मी तिच्या मागे.

आजोबा कोपऱ्यावरच्या दुकानापाशी उभे होते. "मुलगी कामावरून आली नाही अजून. बघायला निघालोय," त्यांनी सांगितलं. तिलाच.

आत्याने वाद घातला नाही. घरी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांना घेऊनच शेडमध्ये आली. लेप खडखडीत वाळला होता.

"मार दुसरा हात, कोणाला कळतंय?" मुकादम म्हणाला.

"बुडबुड्यांना कळेल की," म्हणत तिने पॉलिशपेपर उचलला आणि दुसरा हात धरून राहावा म्हणून अख्खं पातं घासून खरखरीत करायला घेतलं. मला तिचा रागच आला. मी असते तर डोळे झाकून फासून मोकळी झाले असते.

आजोबा स्टुलावर बसून बघत होते. आत्याच्या भुवयांवर धूळ साचली होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बाई, फार दमलात हो. घरी कोणी वाट बघत असेल ना?"

आत्याचा हात थांबला. "वडील आहेत."

"मग जा की. म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. मला विचारा."

"जाते," आत्या म्हणाली, "एवढं घासून झालं की."

मला तिथे उभं राहवेना. आजोबांनी मान डोलावली आणि मुलगी येतेय का म्हणून दाराकडे बघत बसले.