मांडी न घालणारी फॉरवर्ड

आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी भांडण होतं आणि ते बास्केटबॉलवरून होतं. वसमतमध्ये, जिथे लोक हळदीच्या भावावरून भांडतात, तिथे हे सांगायची सोय नाही. भांडणाचा विषयही ठरलेला: आमची नात भारी, की आमच्या काळातली ती?

ती म्हणजे माझ्या शाळेतली, कळमनुरीची. तांड्यावरून चालत यायची. जागा फॉरवर्डची, पण ती नुसती म्हणायला. समोर उंच पोरगी आली की तिला अडवायला हीच. चेंडू पुढे नेणारीला ताप आला की चेंडू न्यायला हीच. रिंगवरून उडालेला चेंडू गर्दीतून ओढून घ्यायलाही हीच.

त्या संघात मीही होते. का, तर उंच होते. दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून मी रिंगखाली अशी उभी राहायची, की कुणी माझा फोटो काढायला येणार आहे. चेंडू हातात आला की आधी रिबीन सावरायची, तोवर चेंडू दुसरीकडे गेलेला. रिंगच्या खांबात आणि माझ्यात फरक एवढाच, की खांबाला लागलेला चेंडू निदान परत यायचा. तरी मला खात्री होती, गावातली पोरं मैदानाच्या कडेला सायकली लावतात ती माझ्यासाठी.

त्यातली एक सायकल आमच्या ह्यांची होती. लग्न ठरलं तेव्हा मी मैत्रिणींना सांगितलं, माझा खेळ बघून भाळले. लग्नानंतर एकदा मी विषय काढला, तर हा माणूस विचारतो, "तू होतीस व्हय त्या संघात?"

तर ह्यांचं बघणं अजून चालू आहे. आता नातीला बघतात. तिचे आईबाप नोकरीला पुण्यात, लेकरू आमच्याकडे. यंदाच ती शाळेच्या मोठ्या संघात आली आणि पहिल्याच महिन्यात सरांनी तिला फॉरवर्ड केलं. संध्याकाळी मैदानावरून आले की ह्यांचं सुरू.

"बघितलंस? डाव्या हातानं टाकला. ती असाच टाकायची."

"ती टाकायच्या आधी थांबायची. ही थांबत न्हाई."

"थांबायला टाइम कुठं हाये आता? अन् ही लांबून टाकती. तवाच्या पोरी लांबून टाकायच्या न्हाईत."

"लांबून टाकला तर आमचे सर ओरडायचे."

"मधी ती पोस्टमनची पोरगी आली व्हती, पण ती नुसती रिंगखालची. समदं येणारी दोनच. एक ती, एक ही."

 ह्यांच्या हिशेबात एक गोष्ट मात्र कधीच येत नाही. जिला सगळं येतं, तिला कुणी बाहेर बसवत नाही. मला सर अर्ध्या सामन्यातच बाहेर बोलवायचे, म्हणून माझे गुडघे आज सत्तरीकडे आलेत तरी शाबूत आहेत. तिला एकदाही बोलावलं नाही. शेवटच्या वर्षी तिचा डावा गुडघा सुजला होता. सर म्हणाले, "एकच मॅच हाये पोरी." ती उडाली, चेंडू घेतला आणि खाली आली. मी जवळच उभी, अर्थातच रिबीन सावरत. वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. मला आधी वाटलं, बाहेर कुणी जळण मोडतंय.

माहेरी गेले की कळमनुरीच्या बाजारात ती अजून दिसते. पोत्यावर लसूण घेऊन बसते, डावा पाय रस्त्यात सरळ लांब केलेला. तो वाकत नाही. लोक ओलांडून जातात. मी लसूण घेते, ती दोन गड्ड्या जास्त टाकते आणि विचारते, "खांब, बरा हायेस का?" एवढंच आमचं बोलणं.

या माघात हळद शिजवायचे दिवस आले आणि सगळं गाव पिवळं झालं. हात पिवळे, चपला पिवळ्या, शाळेतल्या बाकांवर पिवळी बोटं. त्यामुळे नातीचा गुडघा पिवळा दिसला तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही. माझ्याही नाही. मग ती उभ्यानं जेवायला लागली. "आजे, उशीर झालाय." दुसऱ्या दिवशी ओट्याच्या कडेला टेकून. एकदा ह्यांनी दटावलं तेव्हा ती पंगतीत बसली, पण डावा पाय सरळ पुढे.

"पाय घे गं मागं, ताटाला लागून राहिला," हे म्हणाले.

माझा घास हातातच राहिला. तो पाय मी ओळखत होते. नुसतं खाली पोतं नव्हतं.

नात धुणं वाळत घालत असताना मी तिला गाठलं. "मांडी घालून दाखव."

"काहून?"

"मला बघायचंय."

"तू डॉक्टर हायेस का? आजे, रविवारच्या मॅचवर विभागाची निवड हाये. पप्पाला फोन केलास तर बघ."

ह्यांना सांगितलं. "अवो, तिचा पाय बघा."

"रोज बघतो की. हुबेहूब तिच्यासारखी उडती."

नातीच्या सरांकडे गेले. पोरगा चांगला आहे, पाया पडला. म्हणाला, "आजी, थोडी सूज सगळ्यांनाच येते. हळद लावा." हळद! वसमतमध्ये मला हळद लावायला सांगतो. त्या हळदीखालीच तर सगळं झाकलं होतं.

मग मी ठरवलं, आता वाद घालायचा नाही, जेवायला घालायचं.

रविवारी सकाळी सगळ्या संघाला पुरतील एवढे धपाटे आणि दही घेऊन मी मैदानावर गेले. सामन्याला अजून बराच वेळ होता. रिंगच्या सावलीत सतरंजी अंथरली. पोरी आनंदानं गोल करून बसल्या, पटापट मांड्या घातल्या. सरही बसले. ह्यांनी काठी टेकवून हळूच बूड टेकवलं. नात एकटी उभी.

"मला भूक न्हाई."

"फॉरवर्ड उपाशी कशी खेळणार? बस," सर म्हणाले.

"उभ्यानं खाते ना."

"अन्नापुढं उभं राहतात का?" मी म्हणाले. आवाज जमेल तेवढा साळसूद ठेवला होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला डाव कळला. मागे वळून निघून जाईल असं मला वाटलं, पण ती माझीच नात, हट्टी. ती बसायला लागली. उजवा पाय दुमडला. डावा अर्ध्यावर येऊन थांबला. तिनं एक हात जमिनीवर टेकवला, दात दाबले आणि गुडघा अजून थोडा वाकवला. चेहऱ्याचा रंग गेला. मग पाय आपोआप सुटला आणि दह्याच्या वाट्यांमध्ये सरळ जाऊन पडला.

"पाय घे ना गं," एक पोरगी हसत म्हणाली. 

सरांनी गुडघ्यावरची पट्टी खाली सरकवली. हळदीचा लेप फुटला होता, खालची कातडी ताणलेली, चमकत होती.  समोर दुसऱ्या संघाच्या पोरी पळायला लागल्या होत्या. सरांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा नातीकडे.

"एकच मॅच हाये पोरी," ते हळू म्हणाले. "होईल ना?"

"होईल," नात म्हणाली.

मी नुसता पदर सावरला. इतकी तयारी केली आणि ऐन वेळी पुन्हा खांब.

"न्हाई," हे म्हणाले.

सगळे वळले. हे गुडघ्यावर सरकत पुढे आले, ताटं बाजूला केली आणि तिच्या डाव्या बुटाची लेस सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती.

"आबा, सोडा! आबा, ती पण खेळली व्हती ना? तुमीच सांगता ना?"

"म्या आवाज ऐकलाय," हे म्हणाले. "सायकलीपतुर आला व्हता."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं.

बूट निघाला. मोजा काढताना ती कळवळली आणि मग मात्र सरांनी मान खाली घातली, दुसऱ्या पोरीला तयार व्हायला सांगितलं.

त्याला चार दिवस झाले. नात माझ्याशी बोलत नाही. सोमवारी नांदेडला गुडघ्याचा फोटो काढायचा आहे. तोवर ती खुर्चीवर जेवते, पाय समोर पाटावर सरळ. ह्यांनी तुलना बंद केली आहे. जेवताना आम्ही तिघंही ताटात बघतो आणि खरकटं काढायला उठले की मी तो पाय ओलांडत नाही, लांबून वळसा घालून जाते.