चराईच्या परवान्याचे चुकीचे वाचन

अर्जदार: खाली सही करणारा, वय चोपन्न, शिक्षण नववीपर्यंत, धंदा अर्जनवीस, बैठक कचेरीच्या फाटकाबाहेर. गैरअर्जदार: तोच. घटनेचा काळ: यंदाचा प्रवेशांचा हंगाम. साक्षीदार पहिले: फर्दापूरच्या अलीकडच्या एका वाडीतले मेंढपाळ गृहस्थ. साक्षीदार दुसरी: त्यांची मुलगी, बारावी उत्तीर्ण. साक्षीदार तिसरे: शहरातल्या गुलमंडीमागच्या गल्लीतले, उर्दू शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. चौथा साक्षीदार मुलीच्या हातातला फोन असून त्याची साक्ष सर्वांत आधी झाली. नावे कोणाचीही देत नाही. ज्यांचे उपकार झाले त्यांना चव्हाट्यावर आणणे मला प्रशस्त वाटत नाही.

या आवारात माझ्या मसुद्याला मान आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो. माझा अर्ज मुद्द्याअभावी परत आला, असे क्वचितच घडले. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचून देणारा म्हणूनही लोक माझ्याकडे येत. छापील उर्दू मला अडखळत वाचता येते. हाताने घाईत लिहिलेले येत नाही. ही दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

सदर मेंढपाळ गृहस्थ काही वर्षांपूर्वी एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले होते. शिक्क्यातला जंगल खात्याचा उल्लेख तेवढा मला लागला. उरलेले मी मनाने जुळवले आणि सांगितले, "तुमच्या आजोबांनी राखीव जंगलात मेंढ्या घातल्या, त्याची ही दंडाची पावती. कोणाला दाखवू नका." ते मान खाली घालून उठले. कागद पत्र्याच्या पेटीत गेला.

यंदा मुलीला नर्सिंगला जागा मिळाली. जात पडताळणीचा दाखला मुदतीत दिला नाही, तर ती जागा जाणार होती. अर्ज मीच केला. जुना पुरावा जोडा, अशा शेऱ्यासह तो परत आला. मुदतीला नऊ दिवस उरले असताना बापलेक माझ्या टेबलाशी उभे राहिले. मुलीने पेटीतला कागद सोबत आणला होता.

"काका, ह्याचा फोटो फोनला दाखवला. ते म्हणतंय, दंड नाय. चराईचा परवाना हाय."

"फोनला उर्दू येते काय?" मी जरा चढ्या आवाजात विचारले.

"येतं म्हंजे, त्यानं असले लई कागद पाह्यलेत. त्याच्यावरून पुढचं अक्षर काय असंल ते अंदाजानं लावतंय."

"अंदाजाने! आणि अंदाज चुकला म्हणजे?"

"चुकतं की. म्हणून मी त्याला विचारलं, कुठं खात्री नाय ते सांग. हे बघा, चार शब्दांखाली रेघ मारलीय त्यानं."

मी त्या चार रेघांकडे पाहत राहिलो. माझ्या इतक्या वर्षांच्या वाचनात अशी रेघ एकही नव्हती.

यंत्राच्या अंदाजावर पडताळणी समिती दाखला देणार नाही, इतके मला कळत होते. मी टेबल आवरले आणि दोघांना घेऊन गुलमंडीमागे गुरुजींकडे गेलो. त्यांनी भिंग लावून कागद वाचला, फोनही पाहिला, आणि हसत म्हणाले, "हौ, परवाना है. भेड़ां चराने का. बाप का नाम है, गाँव है, कौम भी साफ लिखी है, धनगर. ये फोन दो लफ़्ज़ चूक गया, बाकी सही है. जुर्माना किसने बोला तुमकू?"

मेंढपाळ गृहस्थ चपलांकडे बघत हळूच म्हणाले, "सायबांनीच सांगितलं व्हतं."

"कौन साहब?"

मग मीच म्हणालो, "मी. मला हे अक्षर वाचता येत नाही. तेव्हाही येत नव्हते."

गुरुजींनी भिंग पुसले. "मियाँ, फोन ने चार जगह बोला के मालूम नहीं. तुम एक जगह तो बोलते!"

मुलगी फस्सकन हसली. बापाने तिला दटावले आणि लगेच त्यांचेच डोळे भरून आले. "म्हंजे आमच्या आज्यानं गुन्हा नाय केला?" त्यांनी गुरुजींना दोनदा विचारले. दोन्ही वेळा गुरुजींनी आदराने उत्तर दिले, "नक्को सोचो ऐसा. इजाज़त लेके चराते थे."

गुरुजींनी सहीनिशी वाचन लिहून दिले. फोनने वाचलेला, गुरुजींनी दोन शब्द सुधारलेला मजकूर समोर ठेवून मराठी तर्जुमा मी सुवाच्य अक्षरात उतरवला आणि आयुष्यात प्रथमच, जिथे शाई उडालेली होती तिथे 'वाचता येत नाही' असे लिहिले. पुरावा मान्य झाला. मुदतीच्या आदल्या दिवशी दाखला हातात पडला. मुलगी आता शहरातच शिकते.

त्या यंत्राचा मी ऋणी आहे. ते माझे पोट मारील, असे आवारात सारेच म्हणत होते व मीही म्हणत होतो. त्या मुलीचा अधिक ऋणी आहे, कारण खात्री कुठे नाही हे विचारायचे तिला सुचले. आणि तिच्या वडिलांचा सर्वांत अधिक. निरोप घेताना त्यांनी माझा हात धरला व म्हणाले, "चालायचंच सायेब. कागद तर निघाला ना." एवढ्या उदारपणाला मी पात्र नव्हतो.

परंतु ते एकटेच नव्हते. म्हणून या लिखाणाद्वारे जाहीर विनंती करतो की, ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून उर्दू कागद वाचून घेतले व माझ्या शब्दावर विसंबून ते पेटीत ठेवले, टाकले वा जाळले, त्यांनी उरलेले कागद घेऊन टेबलाशी यावे. ते फोनला दाखवले जातील, गुरुजींकडून तपासले जातील, मोबदला घेतला जाणार नाही. ज्यांचे कागद उरले नाहीत, त्यांनीही यावे आणि मी काय सांगितले होते ते मला सांगावे. ऐकून घेणे माझ्यावर बंधनकारक राहील.

उत्तराची वाट पाहत आहे.

अर्जदार व गैरअर्जदार
(सही)