वन्संची पितळी दांडी

कुणाचं घर पाडायचं ठरलं की आमच्या वन्सं तिथे समाचाराला जात. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, तुमच्या बाबांची आत्या. तुम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना भेटायला जातात, तशा त्या घरमालकांना भेटायला जात. फिकट साडी, पर्समध्ये रुमाल आणि स्क्रू-ड्रायव्हर. चहा घेत आणि मग हळू आवाजात विचारत, "न्हाणीघराची कडी आता तुम्हाला लागायची नाही, नाही का?" बिल्डरकडून दोन फ्लॅट मिळणार म्हणून घरमालक आनंदात असे. पण समोरची बाई इतकी दुःखी दिसे, की बिचारा स्वतःच स्टूल आणून देई.

विद्यानगरचं आपलं घर माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. त्यातली प्रत्येक कडी, मूठ, बिजागरी पितळेची आणि एका घाटाची. ती तशीच राहिली पाहिजे, हा वन्संचा धर्म. बाकी व्रतंवैकल्यं त्यांनी माझ्यावर सोपवली होती.

ते उदारीकरणाचे दिवस. देशाची दारंखिडक्या सताड उघडल्याची बातमी पेपरात रोज असे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडी राहत नव्हती, कारण तिला रोखून धरणारी पितळी दांडी तुटली होती. वन्संनी तिथे परकराची नाडी बांधली आणि "तशीच मिळाली की लावू" असं जाहीर केलं. वारा सुटला की नाडी सुटे, खिडकी आपटे आणि मिरचीच्या फोडणीसकट मी आत कोंडली जाई. शोध चालू असल्याचं मला वेळोवेळी कळवण्यात येई.

एकदा मी त्यांच्याबरोबर बेगम बाजारात गेले. दुकानदाराने तुटका तुकडा उलटसुलट करून पाहिला. "अम्मा, ये माल बनानेवाले बी गुजर गये, वापरनेवाले बी. तुमीच एक रह गये. स्टील का लेओ, कैसा चमकता देखो!"

"चमकता नक्को मियाँ, जोडी का होना," वन्सं त्याच्याच दखनीत म्हणाल्या; म्हणजे जोडीचंच हवं. माणसांच्या लग्नाबाबत त्या एवढ्या काटेकोर नव्हत्या; माझं त्यांनीच जमवलं होतं.

अशात आपल्याकडेही बिल्डर आला. तुमच्या आजोबांना तो पाहताक्षणी आवडला. तो त्यांना 'सर' म्हणे. घरात ती पद्धत नव्हती. घर बहीणभावाच्या नावावर, तेव्हा सह्या दोघांच्या हव्यात. आजोबा तर पेनाचं टोपण काढूनच बसले होते.

"सही करते की," वन्सं म्हणाल्या. "पण आधी दांडी मिळू दे. अपुरं घर मी कुणाच्या हाती देणार नाही."

"अगं आक्का, तो पाडणार आहे ते!"

"पाडू दे, ते त्याचं तो बघेल. आपण देताना नीट द्यावं. मुलीला एकाच कानात डूल घालून सासरी पाठवशील का बाळू?"

हा सही टाळायचा बहाणा आहे, हे साऱ्या नातेवाइकांनी ताबडतोब ओळखलं. त्यांच्या धोरणाचं कौतुक झालं. इतका बेमालूम नकार आपल्या घराण्यात कुणाला जमला नव्हता.

मग आजोबा स्वतः कामाला लागले. बँकेतून निवृत्त झालेल्या या माणसाने तोवर घरात एक खिळाही ठोकला नव्हता. स्कूटरवर मागे आक्काला बसवून त्यांनी गुरुवारी भरणारा जुन्या सामानाचा जुमेरात बाजार पालथा घातला. तारनाक्यापर्यंतच्या पडक्या भिंती तपासल्या. हळूहळू लक्षणं दिसू लागली. लग्नाला गेले की नवरानवरीऐवजी हॉलच्या बिजागऱ्या बघत. जेवताना मला ओतीव पितळ आणि पत्र्याचं पितळ यांतला फरक समजावून सांगत. एकदा झोपेत "जोडी का होना" म्हणाले. मी उठून पाणी प्यायले.

आणि नल्लकुंट्यात, अर्ध्या पाडलेल्या एका घराच्या भिंतीवर, ती दांडी सापडली. तोच घाट, तोच बाक. वन्संनी ती चिंचेने घासली, आजोबांनी बसवली. खिडकी उघडली आणि उघडीच राहिली.

वन्संनी हात पुसले. "हं, आता कुठे आहेत कागद?"

त्यांनी चष्मा लावला, तीन ठिकाणी सह्या केल्या आणि म्हणाल्या, "मला तिसऱ्या मजल्यावरचा, पूर्वेचा. लिफ्टच्या जवळचा सांग त्याला. माझ्याने वरच्या खोलीचा जिना आता होत नाही रे. वर पोचेपर्यंत कशाला आले तेच विसरते."

म्हणजे बाई खरंच बोलत होती. आमच्या घराण्यात ही शक्यता कुणी विचारात घेतली नव्हती.

आजोबा पेन हातात घेऊन उठले. एक एक खिडकी लावून पाहिली, उघडून पाहिली. प्रत्येक कडी आपापल्या जागी खट्ट बसत होती. परत आले आणि म्हणाले, "आज अमावास्या आहे." पुढच्या आठवड्यात त्यांना बिल्डरचं वागणं खटकलं. त्यानंतर म्हणाले, "आक्का, एवढं सगळं जुळवलं ते काय पाडायला?"

"मग मला सांगायचं होतंस! खिडकीला नाडी होती तेव्हाच मी सही केली असती," वन्सं म्हणाल्या.

आजोबांनी शेवटपर्यंत सही केली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते घर फिरवून दाखवत आणि म्हणत, "हे सगळं आक्कासाठी जपलंय." आक्का तेव्हा कठड्याला धरून एक एक पायरी चढत असत. त्यांना खालची खोली द्यावी असं मी दोनदा सुचवलं. तिथे आजोबांनी कड्या-बिजागऱ्यांचा साठा ठेवला होता.

शेवटच्या आजारात वन्संना आम्ही हॉस्पिटलात नेलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घातलं, दार आपोआप मिटलं आणि आम्ही वर जाऊ लागलो. वन्संनी डोळे उघडले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"बघ बाळू," त्या म्हणाल्या, "किती अलगद नेते."

बाळू भिंतीकडे तोंड करून उभे होते.